नागपूरहून जर्मनीला, होस्ट फॅमिलीच्या घरात: वर्षभर राहायला निघालेल्या स्वयंसेवकांसाठी

पहिल्या संध्याकाळी मी अर्धपोटी झोपले. होस्ट आईने सूपचं भांडं माझ्यापुढे धरलं आणि "आणखी?" असं विचारलं. प्रवासाने पोटात कावळे कोकलत होते. मी हसून "डांके" म्हटलं. डांके म्हणजे थँक यू, एवढं शिकून गेले होते. तिने भांड्यावर झाकण ठेवलं आणि ते उचलून नेलं. मी बसून राहिले, आता परत विचारेल म्हणून. आपल्याकडे पहिल्या विचारण्याला कोण हो म्हणतं? दुसऱ्यांदा "घे ना, लाजू नको" झाल्याशिवाय ताट पुढे करायचं नसतं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं तरी येतं.

तिने परत विचारलं नाही. वाढायला आलेल्याला नुसतं "डांके" म्हटलं की जर्मन कानाला ते "नको, धन्यवाद" असं ऐकू येतं, हे मला तीन दिवसांनी कळलं. हवं असेल तर "या, गेर्ने" म्हणायचं, म्हणजे "हो, आनंदाने". नको असेल तर "नाइन, डांके". त्या घरी प्रेम कमी नव्हतं. माझ्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, म्हणून एकदाच विचारलं. वर्षभरातले माझे बहुतेक गोंधळ याच एका जागी झाले: मी न बोलता ओळखून घेतलं जाण्याची वाट पाहायची, आणि ते मी बोलायची. म्हणून खाली जे सांगते आहे त्यात "विचारा" आणि "सांगून टाका" हे शब्द पुन्हा पुन्हा येतील.

आधी थोडं योजनेबद्दल. जर्मनीत २०११ साली सक्तीची लष्करी सेवा थांबली, तशी तिला पर्याय असलेली नागरी सेवाही थांबली. तिच्या जागी बुंडेसफ्रायविलिगनडीन्स्ट ही स्वयंसेवेची सरकारी योजना आली. भारतातून जाणारी बरीच मुलंमुली याच योजनेतून, साधारण १२ महिन्यांसाठी, बालवाडी, वृद्धाश्रम, अपंगांच्या संस्था अशा ठिकाणी काम करतात. हातखर्च आणि आरोग्य विमा मिळतो, वर्षभरात २५ दिवसांचे सेमिनार असतात. राहायला कुठे खोली मिळते, कुठे होस्ट फॅमिली. व्हिसासाठी आपलं काम मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाकडे येतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: तुम्ही ओ-पेअर नाही. ओ-पेअर त्या कुटुंबाची मुलं सांभाळायलाच जाते. तुमचं काम संस्थेत आहे. घरात हात लावायचा तो घरातलं माणूस म्हणून; नोकरी म्हणून नव्हे.

निघण्याआधीचे तीन महिने

कुटुंबाचं नाव कळलं की लगेच मेल लिहा आणि एक व्हिडिओ कॉल मागा. मेलमध्ये "मी ॲडजस्ट करून घेईन" हे वाक्य लिहू नका. ते आपल्याला नम्र वाटतं, पण समोरच्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही. खाण्याबद्दल तर अगदी यादीच द्या. नुसतं "शाकाहारी" पुरत नाही, कारण तिथे अंडं बहुतेक शाकाहारी खातात आणि मासे चालत असतील असं काहींना वाटतं. "मांस नाही, मासे नाही, मांसाचं पाणी घातलेलं सूप नाही, अंडं केकमध्ये चालतं" इतकं स्वच्छ लिहा. मांसाहारी असाल पण गाय किंवा डुक्कर खात नसाल, तर तेही लिहा. ॲलर्जी, रोजच्या गोळ्या, कुत्र्याची भीती, हे सगळं आधी. माझ्या सोबतच्या एका मुलीने कुत्र्याबद्दल लिहिलं नव्हतं, आणि दार उघडताच गुडघ्याएवढं कुत्रं अंगावर आलं. त्या घरात तिचा पहिला महिना जिन्यावर दबकत गेला.

त्यांना विचारायचं ते असं: घरात कोण कोण असतं, बाथरूम कुणासोबत, रोज एकत्र जेवण होतं की नाही, तुमच्या कामाच्या जागेला बस किती वाजता, कुणी सिगारेट ओढतं का.

सराव घरीच करा. गंमत म्हणून नाही, खरंच. जर्मन बाथरूमच्या फरशीला बहुतेक घरांत पाणी जायला जाळी नसते. म्हणजे टबच्या किंवा शॉवरच्या चौकटीबाहेर एक तांब्याही पाणी सांडून चालत नाही. आठवडाभर अशी आंघोळ करून पाहा की बाहेरचं पायपुसणं कोरडं राहील. संडासात पाण्याचा मग किंवा जेट नसतो, कागद असतो. पाण्याची सवय सुटणार नसेल तर प्रवासात वापरायची दाबायची बाटली सोबत न्या आणि वापरल्यावर सीट पुसून कोरडी करा. मुलांनो, तिथे पुरुषांनीही बसूनच लघवी करावी अशी बऱ्याच घरांत अपेक्षा असते. कुणी तोंडावर सांगणार नाही कदाचित, पण साफ करणाऱ्याला कळतं.

बॅग भरताना सगळ्या नागपूरकरांच्या मनात पहिल्यांदा संत्री आणि संत्रा बर्फी येते. दोन्ही घरी ठेवा. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पनीर, खव्याची मिठाई त्यातच येते. संत्र्यासारखी ताजी फळं विशेष दाखल्याशिवाय नेता येत नाहीत. आईने तुपाचा डबा बॅगेत कोंबला तर हात जोडून बाहेर काढा. मसाले, पापड, कुरड्या, चिवडा चालतो. भेट म्हणून मी भंडाऱ्याकडच्या कोसा रेशमाचा स्टोल नेला होता आणि कागदावर छापलेले फोटो: दीक्षाभूमी, फुटाळा, आमची गल्ली, पोळ्याचे बैल आणि काळी-पिवळी मारबत. स्टोल आवडला. पण मारबतीच्या फोटोवर त्यांच्या घरातली मुलं तासभर खिळली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" हे त्यांनी पाठ केलं आणि आजारी पडलं की एकमेकांना म्हणू लागली. मोबाईलमधला फोटो दाखवून संपतो, छापलेला फ्रिजवर लागतो.

छोटा ॲल्युमिनियमचा कुकर नेणार असाल तर आधी त्यांची शेगडी विचारा. इंडक्शन असेल तर तो तापणारच नाही.

पहिला दिवस: घर दाखवून घ्या

दमलेले असाल, तरी झोपण्याआधी चार गोष्टी प्रत्यक्ष करून बघायला मागा. "दाखवाल का?" यात काही कमीपणा नाही.

किल्ली. बाहेरच्या दाराला बाहेरून बऱ्याचदा फक्त मूठ असते. दार ओढलं की लागलं, किल्ली आत राहिली तर तुम्ही बाहेर. कुलूपवाल्याला बोलावणं भयंकर महाग पडतं. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात. आणि किल्ली हरवली तर त्याच दिवशी सांगा. कधी कधी अख्ख्या इमारतीची कुलूपं बदलावी लागतात.

हीटर. त्याच्या चकतीवर १ ते ५ आकडे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, जास्त तापते, आणि बिल त्यांना येतं. खिडकी उघडायची तर आधी हीटर बंद.

खिडकी. हे आपल्याला सगळ्यात उलटं वाटतं. मे महिन्यात ४५ अंशांत आपण दारंखिडक्या लावून कूलर चालवणारी माणसं; बाहेर बर्फ पडत असताना कुणी खिडकी सताड उघडली की जीव घाबरतो. पण त्यांची घरं इतकी बंदिस्त असतात की श्वासाची, आंघोळीची वाफ भिंतीवर बसून बुरशी धरते. म्हणून दिवसातून दोनतीनदा पाच-दहा मिनिटं खिडकी पूर्ण उघडायची. याला लुफ्टन म्हणतात. आंघोळीनंतर तर नक्कीच. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात जानेवारीत काळे ठिपके आले तेव्हा होस्ट बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "लुफ्टन करतेस ना?" मी करत नव्हते. थंडी वाजते म्हणून.

कचरा. कागद वेगळा, पॅकिंगचं प्लास्टिक आणि डबे वेगळे, भाजीची सालं वेगळी, उरलेलं वेगळं, काच बाहेरच्या मोठ्या डब्यात रंगानुसार. कोणत्या डब्यात काय, हे गावागणिक थोडं बदलतं, म्हणून फ्रिजवरचं वेळापत्रक वाचा. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या चेपून फेकू नका. एकदाच वापरायच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळते.

मग नावांचा प्रश्न. काकू, काका म्हणायची सोय नाही. माझी होस्ट आई माझ्या आईपेक्षा मोठी होती आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, मला नावाने हाक मार. जीभ वळेना. दोन आठवडे मी हाकच मारली नाही, जवळ जाऊन उभी राहायचे. तिला वाटलं मी घाबरते. त्यांनी जे नाव सांगितलं तेच म्हणा, त्यांच्या लेखी तोच मान आहे.

पहिल्या दोन आठवड्यांतलं एक सरकारी काम चुकवू नका: आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत करायची असते आणि त्यासाठी होस्टची सही असलेला, तुम्ही इथे राहता असं सांगणारा कागद लागतो. बँक, तिथे राहण्याचा पुढचा परवाना, सगळं त्यावर अडतं. त्याच आठवड्यात संस्थेला विचारा की तुमचा हाफ्टप्लिश्ट विमा आहे का. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो.

हे मी का सांगते? दिवाळीच्या पहाटे मला अभ्यंगस्नान करायचं होतं. उटणं नेलं होतं. टबमध्ये छोटी बादली ठेवून तांब्याने अंगावर पाणी घेतलं, अगदी घरच्यासारखं. पडदा टबच्या बाहेर राहिला होता. पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली गेलं आणि स्वयंपाकघराच्या पांढऱ्या छतावर थाळीएवढा पिवळट डाग आला. मला वाटलं आता घरी पाठवतील. होस्ट आईने वर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "तुला काही लागलं का?" दुपारी तिने विम्याचा कागद काढला, आम्ही दोघींनी मिळून फॉर्म भरला. पण हे सगळं सुरळीत झालं ते मी ओले केस तसेच ठेवून खाली धावत जाऊन सांगितलं म्हणून. लपवलं असतं तर पाणी मुरत राहिलं असतं.

जेवणाचं

संध्याकाळचं जेवण बहुतेक थंड असतं. आबेंडब्रोट म्हणतात त्याला, शब्दशः संध्याकाळची भाकरी: पाव, लोणी, चीज, काकडी, लोणच्याच्या मिरच्या. सहा-साडेसहाला. गरम जेवण दुपारी. संध्याकाळी गरम पोळीभाजीची वाट पाहणाऱ्या आपल्या पोटाला हे जेवण वाटतच नाही, आणि रात्री नऊला पुन्हा भूक लागते. पहिल्याच आठवड्यात सांगा: "मला रात्री भूक लागते, मी काय घेऊ शकते?" फ्रिजमधला एक कप्पा, कपाटातला एक खण तुमचा करून मागा. फ्रिजमधलं विचारल्याशिवाय संपवू नका. उद्याच्या केकसाठी ठेवलेलं दही असू शकतं.

शाकाहाऱ्यांनी डोळे उघडे ठेवा. मी होते तो श्टुटगार्टकडचा भाग. तिथे माउलटाशन नावाचा, आपल्या करंजीसारखा भरलेला चौकोनी पदार्थ असतो. बाहेरून साधा दिसतो, आत बहुधा मांस. रंगीत जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. आणि तिथला खास पदार्थ म्हणजे मसूर आणि श्पेट्झले, हाताने पाडलेल्या जाड शेवया. मी "आम्ही रोज डाळ खातो" म्हटल्यावर होस्ट आईने तो केला. तपकिरी अख्खे मसूर, त्यात व्हिनेगर. पहिला घास आंबट वरणासारखा लागला आणि मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. एरवी त्यात ती डुकराच्या मांसाचे तुकडे घालायची. माझ्यासाठी वेगळं छोटं पातेलं ठेवलं होतं. विचारलं म्हणून कळलं. तिने मिरवलं नाही.

तुम्हीही रांधा, पण पहिल्या रविवारी सावजी रस्सा नको. फोडणीचा धूर पडद्यांत बसतो, आणि बऱ्याच घरांत धूर ओळखणारा अलार्म असतो, तो खरंच किंचाळतो. मी गोळाभात केला: बेसनाचे गोळे भातात वाफवलेले, वरून मोहरी-हिंगाची फोडणी, तिखट बाजूला वाटीत. पंखा लावून, दार लावून, खिडकी उघडून. सगळ्यांनी दोनदा घेतला. हळद मात्र सांभाळा. पांढऱ्या ओट्यावर, लाकडी चमच्यावर, त्यांच्या प्लास्टिकच्या डब्यांवर ती बसली की निघत नाही. डाग पडलाच तर धुऊन उन्हात ठेवा, उन्हाने हळद फिकी होते. ओटा उन्हात ठेवता येत नाही, म्हणून खाली जुना कागद पसरा. तसंच केसांना तेल लावून झोपणार असाल तर उशीवर आपला जुना टॉवेल.

"मदत करू का?" असं विचारलं की "नको, ठीक आहे" येतं आणि आपण सुटलो म्हणून बसतो. असं करू नका. नेमकं काम मागून घ्या: मंगळवार-शुक्रवार डिशवॉशर मी रिकामा करते, शनिवारी जिना मी झाडते. आमच्या भागात शनिवारी घरापुढचा रस्ता झाडायची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. झाडू हातात घेऊन बाहेर दिसले, तेव्हा शेजारची आजी पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली.

फोन, दार, रविवार

भारत उन्हाळ्यात जर्मनीच्या साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं सरकतात. आई नागपुरात जेवणं आटोपून साडेनऊला निवांत फोन लावायची, तेव्हा तिथे उन्हाळ्यात बरोबर सहा, म्हणजे आबेंडब्रोटची वेळ. मी ताटावरून उठून खोलीत जायचे. होस्टच्या घरच्यांना ते रोजचं अपमानासारखं वाटत होतं, हे खूप उशिरा कळलं. आईला वेळ बदलून द्या. फोन न घेतला तर "काहून वं, जेवली नाही का तू? आवाज असा का येऊन राहिला?" हे होईलच, तिला निघण्याआधीच कागदावर वेळापत्रक लिहून द्या.

तिथे खोलीचं दार लावलेलं असणं म्हणजे राग नाही. नुसतं दार लावलेलं असतं. टकटक करा, "या" ऐकू येईपर्यंत थांबा. पण तुम्ही कामावरून येऊन रोज दार लावून मोबाईल घेऊन बसलात, तर त्यांना वाटतं तुम्हाला त्यांची सोबत नको आहे. ते बोलवायला येणार नाहीत. तुम्हीच वही-पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसा. भाषा तिथेच येते, वर्गात नाही. आणि एखादा दिवस खरंच एकटं राहायचं असेल तर तसं सांगा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच आणून ठेवा. रविवारी व्हॅक्यूम लावायचा नाही, बाटल्या काचेच्या डब्यात टाकायला जायचं नाही, आवाज होतो. रात्री दहानंतर वॉशिंग मशीन, जोरात फोन, सगळं बंद. मित्राला घरी आणायचं तर काही दिवस आधी विचारा, त्याच दारात उभं राहून नाही. उशीर होणार असेल तर पाच मिनिटांचाही मेसेज. आणि वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका, तो अपशकुन समजतात.

बिनसलं तर

काही ना काही बिनसतंच. तिथे नाराजी सरळ शब्दांत येते: "काल तू लाईट चालू ठेवलास, मला ते आवडलं नाही." आपल्याला हे कानफटात मारल्यासारखं लागतं, कारण आपल्याकडे इतकं स्पष्ट बोलणं भांडणाच्या शेवटी येतं. त्यांच्यासाठी ते वाक्य तिथेच संपतं. "सॉरी, लक्षात ठेवीन" म्हणा आणि जेवायला बसा. तुमची तक्रारही तशीच, शांत वेळी, एका वेळी एक, आणि "मला" ने सुरू करून. "मला रात्री टीव्हीचा आवाज येतो, काय करता येईल?" दोन आठवडे पोटात ठेवून एकदम बाहेर काढलं की कुणालाच काही कळत नाही.

काही गोष्टी मात्र जुळवून घ्यायच्या नसतात. पासपोर्ट तुमच्याजवळच राहील. रोज मुलं सांभाळायला, अख्खं घर पुसायला लावत असतील तर संस्थेच्या समन्वयकाला लिहून कळवा. कुणी अंगचटीला येत असेल, खोलीत न विचारता शिरत असेल, तुमच्या रंगाबद्दल, जातीधर्माबद्दल सतत टोचत असेल, तर त्याच दिवशी सांगा. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि आगीसाठी ११२. कुटुंब बदलून मिळतं. त्यात तुमची हार नाही, आणि नागपुरात लोक काय म्हणतील याचा विचार त्या क्षणी करायचा नाही.

नोव्हेंबर वेगळा सांगते, कारण कुणी मला सांगितलं नव्हतं. नवलाई संपलेली, दिवाळी एकटीने गेलेली, आणि डिसेंबरपर्यंत साडेचारला अंधार पडू लागतो. आपण वर्षभर उन्हाला शिव्या देणारी माणसं. ऊन नसण्याने काय होतं ते आपल्याला माहीतच नाही. मला सकाळी उठवेना, सगळ्यांचा राग यायचा, वाटायचं हे कुटुंबच वाईट. कुटुंब तेच होतं. दुपारी उजेड असेपर्यंत अर्धा तास बाहेर चाला, ढग असले तरी. एखाद्या क्लबात, कॉयरमध्ये, व्हॉलीबॉलच्या गटात नाव घाला. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर समन्वयकाला आणि डॉक्टरला सांगा. विमा त्यासाठीच आहे. परत निघायचा निर्णय नोव्हेंबरमध्ये घेऊ नका, फेब्रुवारीपर्यंत थांबा.

निघताना

शेवटच्या आठवड्यात नगरपालिकेत पत्त्याची नोंद रद्द करा आणि तो कागद जपून आणा. बँक खातं, मोबाईलचा करार आधीच बंद करायला घाला. करारांना मुदतीत लेखी नोटीस लागते. चादरी धुऊन, घडी करून पलंगावर. हीटर बंद, खिडकी एकदा सताड उघडून खोली हवेशीर करा. भिंतीवर फोटो लावले असतील तर त्यांचे टेपचे डाग पुसा, फ्रिजवरचे राहू द्या. तुमच्या खणातला उरलेला मसाला बाटलीत भरा, त्यावर जर्मनमध्ये नाव आणि "थोडाच घाला" असं लिहा. किल्ली लेटरबॉक्समध्ये टाकून जाऊ नका. होस्ट आईच्या हातात द्या, आणि तिने शेवटचं काही खायला विचारलं, तर या वेळी "या, गेर्ने" म्हणा.